सँडबॉक्स कॅम्पेन: नकाशा भलामोठा आहे, पण पार्टी सरायमधून हलत नाही

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या खेळाबद्दलचा तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात सूत्रधार जग उभं करतो आणि प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो; त्या पात्रांचा जथा म्हणजे पार्टी, एक बैठक म्हणजे सेशन, आणि अनेक सेशन चालणारा सलग खेळ म्हणजे कॅम्पेन. दोन महिने खपून तुम्ही चारशे हेक्सचा, म्हणजे षटकोनी घरांचा, नकाशा केलात, तीन राज्यं आखलीत, दोन हजार वर्षांचा इतिहास लिहिलात. पहिल्या सेशनला पाच खेळाडूंना म्हणालात, "हे जग तुमचं, हवं तिकडे जा." आणि ते सरायमध्येच बसून राहिले. दीड तास चर्चा, मग सरायवाल्याशी भांडण, मग एक जण मोबाइलमध्ये शिरली. तिसऱ्या सेशनला वैतागून तुम्ही एक जखमी घोडेस्वार दारात आणून पाडलात, तर सगळे तलवारी उचलून त्याच्या मागे निघाले. आता तुम्ही विचारताय की सँडबॉक्स, म्हणजे ठरलेल्या कथानकाशिवायचा खेळ, सोडून तयार कथा घ्यावी का, तयारी किती करावी, पार्टी चुकून ड्रॅगनच्या तोंडी गेली तर काय, आणि अशा मोकळ्या खेळातून कधी गोष्ट म्हणावी असं काही उभं राहतं का.

मी इंदूरमध्ये बारा वर्षं गेम खेळवते आहे, त्यातली शेवटची आठ वर्षं सँडबॉक्सच. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे खेळाडू आळशी नाहीत आणि त्यांना सूत्रधाराच्या बोटाला धरूनच चालायची सवय आहे असंही मला वाटत नाही. घोडेस्वार पडल्यावर ते उठले, कारण तेव्हा पहिल्यांदा त्यांना काहीतरी कळलं होतं: कोणीतरी याला मारलं, मारणारे जवळच आहेत, उशीर केला तर निसटतील. त्याआधीच्या दीड तासात त्यांच्यापुढे चारशे हेक्स होते, पण एकाही हेक्सबद्दल ठोस माहिती नव्हती. उत्तरेला गेलं काय आणि दक्षिणेला गेलं काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. जिथे दोन वाटांत फरकच दिसत नाही, तिथे माणूस निवड करत नाही, नुसता अंदाज मारतो. आणि अंदाज मारायला दीड तास कोणालाच आवडत नाही.

रात्री दहा वाजता बाहेरगावच्या पाहुण्याला सराफ्यात नेऊन उभं करा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, आणि ती मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचा बाजार. त्याला सांगा, "खा हवं ते." तो दोन मिनिटं इकडेतिकडे बघेल आणि म्हणेल, "तुम्हीच सांगा." त्याच पाहुण्याला असं सांगून बघा: "इथे भुट्ट्याचा कीस आहे, तो उद्याही मिळेल. पुढे गराडू तळतायत, ते फक्त थंडीत मिळतात. आणि त्या कोपऱ्यावर मावाबाटी आहे, पण ती खाल्लीत की दुसऱ्या कशाला पोटात जागा उरणार नाही." लगेच त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. तुम्ही बाजार बदलला नाही. एक घेतलं तर काय हातचं जाईल, एवढंच सांगितलंत. सँडबॉक्स खेळवणाऱ्याचं मुख्य काम माझ्या मते हेच आहे. बाकीचं सगळं त्याच्या सोयीसाठी.

पुढे जाण्याआधी, यातलं बरंच तुमच्या टेबलावर अवलंबून आहे हे सांगायला हवं. पाच ठरलेले खेळाडू दर रविवारी येत असतील तर एक पद्धत, आणि दहा जणांतले जे मोकळे असतील ते चार येत असतील तर दुसरी. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक सेशनच्या शेवटी पार्टी मुक्कामाच्या गावी परत आलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी न आलेल्यांचं करायचं काय? बेन रॉबिन्स यांनी २००७ साली आपल्या 'वेस्ट मार्चेस' कॅम्पेनबद्दल लिहिलं, त्याचा गाभा हाच होता: ठरलेली वेळ नाही, ठरलेली पार्टी नाही, ठरलेलं कथानक नाही. कोण, कधी, कुठे जाणार हे खेळाडू आपसात ठरवतात आणि मग सूत्रधाराला कळवतात. माझ्याकडे दोन इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, एक सीए, एक फिजिओथेरपिस्ट आणि माझा दीर असे पाच जण आहेत. परीक्षा आणि रिटर्न भरायचे दिवस आले की टेबल अर्धं रिकामं होतं, म्हणून आम्ही गावी परतण्याचा नियम तेवढा उचलला आणि बाकीचं सोडलं.

काही मंडळींना सँडबॉक्स मनापासून आवडत नाही, हेही खरं. त्यांना एक मोठी गोष्ट जगायची असते, खलनायक हवा असतो, शेवट हवा असतो. तुमच्या पाच जणांना सरळ विचारा. चौघं तसं म्हणाले तर तयार कथा घ्या आणि आनंदाने खेळवा. त्यात कमीपणा नाही. पण घोडेस्वाराच्या मागे धावले एवढ्यावरून तो निष्कर्ष काढू नका.

तिसरी गोष्ट नियमांची. तुम्ही डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४चे नियम वापरताय असं लिहिलंय. त्यात रानावनातली उपासमार हा धोका फार लवकर संपतो. ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, पहिल्या लेव्हललाच 'गुडबेरी' हा मंत्र टाकतो आणि दहा बोरं मिळतात, एका बोरावर एक माणूस दिवस काढतो. एखाद्याने 'आउटलँडर' पार्श्वभूमी घेतली असेल तर जिथे शिकार-पाणी आहे तिथे तो स्वतःसकट सहा जणांना पोसतो. पाचव्या लेव्हलला विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, छोट्या जादुई झोपडीचा मंत्र येतो आणि रात्रीचा पहारासुद्धा निरर्थक होतो. त्यामुळे शिधा मोजून ताण आणायचा प्रयत्न या नियमांत सहसा फसतो. मी दोन वर्षं मोजला, आणि त्यातून खेळाडूंना कंटाळ्याशिवाय काही मिळालं नाही. या नियमांत ताण फक्त एकाच गोष्टीतून येतो, ती म्हणजे वेळ. त्याकडे येतेच.

आधी नकाशा. चारशे हेक्स ठेवा कपाटात, फेकू नका. त्यातला लांबीरुंदीला सात-आठ हेक्सचा एक तुकडा कापून घ्या. सहा मैलांचा हेक्स म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर. नेहमीच्या चालीने पार्टी दिवसाला २४ मैल जाते, म्हणजे चार हेक्स, ३८-३९ किलोमीटर. आपल्याकडच्या अंतरांवर बसवून बघा. इंदूरहून उज्जैन दीड दिवस. इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे अडीच दिवस, आणि जाम दरवाज्यापासून खाली निमाडात उतरताना विंध्याचा घाट लागतो तो धरला तर तीन. माळव्याचं पठार, घाटाची कड, खालचं रान, मग नर्मदा. एवढ्याशा पट्ट्यात चार वेगळे मुलूख येतात. आमचं कॅम्पेन अशाच आकाराच्या तुकड्यावर दीड वर्ष चाललं आणि तरी अकरा हेक्स कोणी पाहिलेले नव्हते. मोठा नकाशा करायचा मोह सगळ्यांना होतो, पण या छंदाच्या मुळाशी तो नव्हता. डी अँड डी घडवणाऱ्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ नियमांत रानातल्या भटकंतीसाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाच्या १९७२च्या एका वेगळ्याच बोर्ड गेमचा पट वापरा असं सुचवलं होतं. पट उसना घ्यायचा आणि आपली मेहनत त्यावरच्या माणसांवर खर्च करायची.

आता खबरा. मी मुद्दाम अफवा म्हणत नाही. पहिल्या सेशनला पार्टीच्या हातात तीन खबरा द्या, आणि प्रत्येक खबरीत चार गोष्टी असू द्या: जागा कुठे आहे, तिथे काय मिळेल, तिथे कशाची भीती आहे, आणि दुसरं कोण त्याच्या मागे आहे. माझ्या वहीतली पहिल्या दिवसाची तीन पानं अशी होती. घाटाच्या कडेला दोन दिवसांवर जुनी बावडी, तळाच्या पायऱ्यांवर सोन्याची पेटी असल्याचं धनगर सांगतात, पण गेल्या वर्षी गेलेले तिघे परतले नाहीत, आणि पेंढाऱ्यांच्या एका टोळीलाही तिचा सुगावा लागलाय. नदीच्या उताराजवळ नावाडी आणि किल्ल्याचे जकातदार यांच्यात वाजलंय, जकात पौर्णिमेपासून दुप्पट होणार, नावाडी मदतीच्या बदल्यात पलीकडच्या रानातली गुप्त पायवाट दाखवायला तयार आहेत. आणि किल्ल्यातला कारभारी अफूच्या गाड्यांना पहारेकरी शोधतोय, पैसे चांगले देतो, पण मागचे पहारेकरी कुठे गेले हे सांगत नाही.

हे वाचून झालं आणि मी गप्प बसले. पाच मिनिटांत टेबलावर जुंपली. सीए म्हणाला आधी कारभारी, कारण हातात पैसा नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाली पौर्णिमा आठ दिवसांवर आहे, बावडी कुठे पळून जात नाही. विद्यार्थ्यांपैकी एक ओरडला, "भिया, पेंढारी पहुँच गए तो?" ही चर्चासुद्धा तासभर चालली. पण तुमच्या सरायमधली चर्चा आणि ही चर्चा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. इथे ते खेळत होते.

एक ठाम मत सांगते, बरेच अनुभवी लोक याच्याशी सहमत नसतील. साफ खोटी खबर देऊ नका. अर्धवट असू द्या, जुनी असू द्या, सांगणाऱ्याच्या स्वार्थाने वाकवलेली असू द्या, पण पार्टी तीन दिवस चालून गेली आणि तिथे काहीच नाही असं करू नका. मी एकदा केलं. माझा समज असा की त्यामुळे जग खरं वाटेल. झालं असं की पुढची चार सेशनं त्यांनी प्रत्येक खबर तपासण्यात घालवली, सूत्रधाराने चालवलेल्या प्रत्येक पात्रावर (एनपीसीवर) खरंखोटं ओळखायचा 'इनसाइट'चा फासा टाकला, आणि पुन्हा सरायमध्ये मुक्काम ठोकला. माहितीवरचा विश्वास गेला की निवड गेली. तो विश्वास परत मिळवायला मला वेळ लागला, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

वेळेचं आता. १९७९च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी कॅम्पेनमधल्या दिवसांची काटेकोर नोंद ठेवा असा फार आग्रह धरला आहे. मला तो आधी हेकटपणा वाटायचा, आता पटतो. पण परक्या महिन्यांची नावं आणि दहा दिवसांचे आठवडे खेळाडूंच्या लक्षात राहत नाहीत. मी तिथीवर चालते. "पौर्णिमेच्या आत" म्हटलं की टेबलावरच्या प्रत्येकाला ते आतून कळतं, आकाशात चंद्र किती असेल, रात्री रस्ता दिसेल की नाही, सगळं. महिन्यांची नावं मात्र टाळते. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्यांना कारण ठाऊक असेल: आपला महिना अमावास्येला संपतो आणि शेजाऱ्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. टेबलावर दोन्हीकडचे लोक असतील तर हा घोळ होतोच. म्हणून नुसती पौर्णिमा, अमावास्या, आणि मधले दिवस. वहीच्या एका पानावर तीस घरं आखा, आणि प्रवास, विश्रांती, जखम भरणं, मंत्र शिकणं, सगळ्याची खूण त्यावर करा. हे पान खेळाडूंना दिसेल असं ठेवा.

या पानाला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा पार्टी नसतानाही जगात काहीतरी घडत असतं. यासाठी तीन-चार गट पुरतात. प्रत्येक गटाबद्दल दोन ओळी लिहा: त्यांना काय हवंय, आणि त्यांचं पुढचं पाऊल कुठलं. दोन सेशनच्या मधे मी प्रत्येक गटासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकते. दहा किंवा जास्त आले तर पाऊल पूर्ण पडतं. सात ते नऊ आले तर पडतं, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा कमी आले तर अडकतं. या हिशेबात निर्वेध यश सहात एकदाच मिळतं, म्हणून जग फार धावत नाही, पण थांबूनही राहत नाही. आठवड्याला दहा मिनिटांचं काम.

गट कसे असावेत हे मी कुठल्या गेमच्या पुस्तकातून शिकले नाही, आपल्या शहराच्या इतिहासातून शिकले. १८०१ साल घ्या. जुलैमध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेला हरवलं. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांची फौज इंदूरवर आली आणि शहर लुटलं गेलं. फौजांच्या आगेमागे पेंढारी. विंध्यात भिल्लांच्या वाटा आणि त्यांचे हक्क. मधे शेतकरी, सावकार, अफूचे व्यापारी. यातल्या कोणालाही जगाचा नाश करायचा नव्हता. प्रत्येकाची मागणी त्याच्या जागी समजण्यासारखी, आणि तरी सगळे मिळून माळव्यात कोणाला सुखाने झोपू देत नव्हते. एखाद्या गावाने सारा कोणाला द्यायचा हा प्रश्नच केवढा नाट्यमय आहे! माझ्या जगात राक्षस आहेत, मंत्र आहेत, नद्यांची नावं वेगळी आहेत, मी इतिहास खेळवत नाही. पण गट या घडणीचे असले की खेळाडू "खलनायक कोण" हे विचारायचं सोडून "आपण कोणाच्या बाजूने" हे विचारू लागतात. भाषेचाही उपयोग होतो. माझ्याकडे गावकरी माळवीत बोलतात, किल्ल्यातला कारभारी दरबारी मराठीत, व्यापारी हिंदीत. कोण कोणाचा माणूस आहे हे पहिल्या वाक्यातच कळतं.

त्या पहिल्या तीन खबरांचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे पान, फासे आणि गट एकत्र कसे चालतात ते दिसेल. पार्टीने बावडी निवडली. जायला दोन दिवस, आत खाली उतरण्यात आणि जखमा भरण्यात आठ, परत यायला दोन. पौर्णिमा मधेच होऊन गेली. जकातदारांसाठी मी फासे टाकले ते अकरा आले, नावाड्यांचे पाच. पार्टी सोनं घेऊन खुशीत नदीच्या घाटावर आली, कारण आता त्यांना नदी ओलांडून ते विकायचं होतं. मी एवढंच सांगितलं: घाटावर धूर नाही, पण जळक्याचा वास आहे. तीन नावा होत्या, त्यातली एक उलटी पडली आहे, तळाला कुऱ्हाडीचे घाव आहेत. बाकीच्या दोन दिसत नाहीत. पायरीवर नावाड्याची दहा-बारा वर्षांची मुलगी बसली आहे, मांडीवर आडवं वल्हं, तुम्हाला बघून ती वल्हं घट्ट धरते. माझ्या दिराचा क्लेरिक, म्हणजे पुजारी पात्र, तिच्याजवळ जाऊन बसला. तो बराच वेळ काही बोलला नाही, म्हणजे दीरही बोलला नाही. मग म्हणाला, "आपल्याला माहीत होतं." कोणीही माझ्याकडे वळून हे अन्यायाचं आहे असं म्हटलं नाही, कारण खबर त्यांच्याकडे होती, तारीख होती, आणि निवड त्यांनी केली होती. मुलगी पुढे त्यांच्याबरोबर आली. ते वल्हं क्लेरिकच्या कॅरेक्टर शीटवर सामानाच्या यादीत आजही आहे, दीड वर्षात एकदाही त्याचा उपयोग झालेला नाही, आणि ओझ्याचे नियम लावून ते टाकायला सांगितलं तर तो माझ्याशी भांडेल.

गोष्ट तयार होते का, या तुमच्या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर ते वल्हं आहे. मी ते लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवलं असतं तर घाट जळणारच होता हे खेळाडूंना कळलं असतं, आणि दिराचं गप्प होणं झालं नसतं.

इथवरचं आटोपशीर सांगायचं तर: छोटा तुकडा, तीन खऱ्या खबरा, डोळ्यांसमोर दिवसांचं पान, आणि स्वतःहून हलणारे गट. एवढं असलं की पार्टी सराय सोडते.

तयारी किती? प्रत्येक सेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांत विचारायचं, "पुढच्या वेळी कुठे?" उत्तर मिळाल्याशिवाय कोणाला उठू द्यायचं नाही. मग फक्त तेवढंच तयार करायचं. माझी मर्यादा दोन पानं. एका पानावर जागा, सहा ते आठ ठिकाणं, प्रत्येकी दोन ओळी. दुसऱ्यावर तिथली माणसं आणि त्यांना काय हवंय. मधल्या वाटेसाठी सहा ओळींचा एन्काउंटरचा, म्हणजे वाटेत कोण भेटतं त्याचा, तक्ता. दिवसातून तीनदा फासा टाकते, एक आला तर काहीतरी भेटतं. तक्त्यात नुसतं "चार लांडगे" लिहू नका. "चार लांडगे, एक जण घोड्याचं खोगीर ओढत नेतोय" असं लिहा. खोगीर कोणाचं, हा प्रश्न लांडग्यांशी लढाईपेक्षा मोठा ठरतो.

आणि भेट झाली की लढाईच असं समजू नका. १९८१च्या जुन्या बेसिक नियमांतला प्रतिक्रियेचा फासा पाचव्या आवृत्तीतही सहज चालतो. सहा बाजूंचे दोन फासे: दोन आले तर थेट हल्ला, बारा आले तर मनापासून मैत्री, मधे पायरीपायरीने. ३६ पैकी १६ वेळा बेरीज सहा ते आठ येते, म्हणजे समोरचा काय करावं या संभ्रमात आहे आणि पार्टी काय बोलते यावर पुढचं ठरेल. या एका फाशाने माझ्या टेबलावरच्या लढाया निम्म्याने कमी झाल्या आणि ओळखी वाढल्या.

ड्रॅगनबद्दल. सँडबॉक्समध्ये सगळं पार्टीच्या लेव्हलचं ठेवू नका, नाहीतर कुठेही गेलं तरी सारखंच, आणि पुन्हा निवडीला अर्थ नाही. पण मारणाऱ्या गोष्टीच्या आधी किमान तीन खुणा दिसल्या पाहिजेत. ओसाड पडलेलं गाव, काळे पडलेले दगड, अर्धी वितळलेली ढाल. आणि त्या खुणा सहज दिसाव्यात, त्यासाठी फासा टाकायला लावू नका. दुसरं, पळून जाण्याची सोय आधी ठरवा. पाचव्या आवृत्तीत बहुतेक पार्टीची गती ३० फूट, समोरच्याचीही तेवढीच किंवा जास्त, वर पाठ फिरवली की एक वार. नियमाने पळणं जवळजवळ अशक्य आहे, म्हणून खेळाडू पळतच नाहीत आणि मरतात. मी पहिल्याच दिवशी जाहीर करते: सगळी पार्टी एकमुखाने "पळतो" म्हणाली की वारांचा क्रम तिथेच संपला, पुढे पाठलागाचे तीन फासे, आणि हरलात तर सामान जाईल, जखम होईल, कोणी पकडलं जाईल, पण सरसकट मरण नाही. हे ठाऊक असलं की खेळाडू धोक्याच्या जागी डोकावायला धजावतात. तरीही कोणी मेलं तर मेलं. आमच्याकडे आठ वर्षांत चार कॅरेक्टर गेली, चारही वेळा खुणा दिसल्यानंतर, आणि चौघांच्या समाध्या नकाशावर आहेत.

एक उपयोगाची गोष्ट जाता जाता. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. श्रेय देऊन त्यांचा अनुवाद करता येतो, वाटता येतो. मी प्रवास, विश्रांती आणि पाठलाग यांचं एक पानी मराठी टिपण केलंय, नवीन माणूस आला की त्याच्या हातात देते. इंग्रजी पुस्तकाला बिचकणारे दोघे त्या एका पानामुळे टिकले.

तुमच्या त्या मोबाइलवाल्या खेळाडूबद्दल. तुम्ही लिहिलंय की ती दर वेळी "तुम्ही ठरवा" म्हणते. तिच्याकडे नकाशा द्या. तुमचा सजवलेला नव्हे, कोरा हेक्सचा कागद आणि पेन्सिल. पार्टी जे बघेल ते तिने भरायचं, आणि तिने जे काढलं तेच पार्टीला माहीत आहे असं धरायचं, चुकलं असेल तरी. आमच्याकडे हे काम दोन विद्यार्थ्यांतल्या अबोल मुलाकडे आहे. सहा महिने तो खाली मान घालून रेघा ओढत होता. मग एका सेशनला सगळे कारभाऱ्याशी घासाघीस करत असताना त्याने विचारलं, "ताई, या अफूच्या गाड्या तीन दिवसांत किल्ल्यावर कशा पोचतात? माझ्या नकाशावर पाच दिवस होतात." घाटातून दुसरी वाट होती, आणि ती माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून होती.

येत्या रविवारी जखमी घोडेस्वाराचा धागा सोडू नका, तो छान आहे. तो शुद्धीवर येऊ द्या आणि त्याच्याच तोंडून तीन खबरा बाहेर पडू द्या: एक त्याला मारणाऱ्यांची, एक तो जिथे निघाला होता तिथली, एक तो काय टाकून आला त्याची. तिन्ही वेगळ्या दिशांना, आणि दोन ठिकाणी पोचेपर्यंत तिसरी संधी जाईल अशा बेताने. तुमच्या नकाशातली सराय कुठल्या हेक्सवर आहे आणि तिच्याभोवतीच्या सहा हेक्सवर काय आहे तेवढं लिहून पाठवा, कुठली खबर कुठे बसेल ते मी सुचवते.